परसातली पत्रं : नत्र कोण देतं, झाड की कोयता?

मागच्या अंकात कारल्याच्या मांडवाबद्दल लिहिताना मी ओघात एक वाक्य लिहून गेले : ‘परसात एक तरी नत्राचं झाड असावं.’ म्हणजे हवेतला नत्र (नायट्रोजन) मुळांवरच्या गाठींत पकडणारं झाड. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली, की संपादकांनी सगळी एका पिशवीत घालून सांगलीला माझ्या घरीच पाठवून दिली. त्यातली सहा इथे घेतली आहेत. बाकीच्यांची उत्तरं बहुधा यातच सापडतील. ज्यांना सापडणार नाहीत त्यांनी पुन्हा लिहावं, रागावू नये.

प्रश्न : काकू, आमच्या बंगल्यामागे २० बाय १५ फुटांची मोकळी जागा आहे. सकाळपासून दुपारी दोनपर्यंत चांगलं ऊन असतं. दरवर्षी नव्याने पेरायचा आता कंटाळा येतो. एकदा लावली की काही वर्षं टिकतील, खायला काहीतरी देतील आणि जमिनीला नत्रही देतील अशी झुडपं हवी आहेत. अमेरिकेतल्या मुलीने एक यादी पाठवली आहे, तिच्यात गूमी, सी बकथॉर्न, सैबेरियन पी श्रब अशी नावं आहेत. यातलं पुण्यात काय येईल? (एक वाचक भगिनी, पुणे)

उत्तर : ताई, लेकीने मायेने पाठवलेली यादी जपून ठेवा, पण तिच्यावरून रोपं मागवू नका. ती थंड मुलखाची यादी आहे. सी बकथॉर्न आपल्या देशातही होतं, पण लडाख-स्पितीकडे, जिथे हिवाळ्यात नळातलं पाणी गोठतं. सैबेरियन पी श्रब कुठलं ते नावातच आहे. गूमी चीन-जपानकडची. या झाडांना हिवाळ्यात गाढ झोप लागते आणि पुण्याच्या डिसेंबरात त्यांची डुलकीसुद्धा पुरी व्हायची नाही. गूमीची एक चुलत बहीण मात्र आपल्या सह्याद्रीत राहते. तिच्याबद्दल सावंतवाडीहून पत्र आलंय, तिथे बोलू.

तुमच्या जागेत मी असते तर एक हादगा, चार तुरी आणि कुंपणाच्या जाळीवर चौधारीचा वेल, एवढंच लावलं असतं. मधली जागा नेहमीच्या भाजीला मोकळी.

पण त्याआधी ‘जमिनीला नत्र देतील’ या तुमच्या शब्दांपाशी जरा थांबते, कारण सगळ्याच पत्रांत हा घोळ आहे. माझं माहेर मिरजेजवळच्या खेड्यातलं, घरचा पानमळा. पानवेलीला चढायला आधार लागतो आणि डोक्यावर विरळ सावली लागते, म्हणून मळ्यात शेवरी, पांगारा, हादगा, शेवगा ओळीने लावलेले असत. वडील दर थोड्या दिवसांनी कोयता घेऊन वरच्या फांद्या उतरवत आणि पाला तिथेच सरीत टाकत. आई त्यातला भारा शेळीला न्यायची आणि त्यावरून दोघांची हमखास जुंपायची. ‘नत्र’ हा शब्द वडिलांच्या तोंडी कधी आला नाही. त्यांचं म्हणणं एवढंच, की पाला मळ्याबाहेर गेला की पान पिवळं पडतं. पुढे मी २६ वर्षं माती तपासणीच्या प्रयोगशाळेत नळ्या हलवल्या, तेव्हा कळलं की आईपेक्षा त्यांचं बरोबर होतं.

होतं असं : शेवगा सोडला तर या झाडांच्या मुळांवर गाठी येतात, गाठींत जिवाणू राहतात आणि ते हवेतला नत्र पकडून झाडाला देतात. शेजारच्या वांग्याला नव्हे. झाड उभं आहे तोवर त्यातला फारच थोडा बाहेर झिरपतो. पान गळून कुजलं, बारीक मुळी मेली, फांदी कापून वाफ्यात टाकली, तरच तो इतरांच्या वाट्याला येतो. शेंगा तोडून खाल्ल्या तर त्यातला मोठा हिस्सा आपल्या पोटात गेला. तेव्हा हादगा लावून, हात जोडून बाजूला उभं राहिलात तर वांग्याला काही मिळायचं नाही. कोयता चालवावा लागतो.

आणि मिळतो तो किती? हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था आहे. तिथे तुरीनंतर त्याच जमिनीत मका घेऊन पाहिला, तेव्हा मक्याला हेक्टरी सुमारे ४० किलो नत्र घातल्याइतका फायदा दिसला. आकडा भारदस्त आहे. आता तो तुमच्या ३०० चौरस फुटांत उतरवू. सगळी जागा नुसत्या तुरीने भरली तरी हिशेब येतो साधारण ११० ग्रॅम नत्राचा, म्हणजे जेमतेम पाव किलो युरिया. त्याची किंमत अर्ध्या कप चहाइतकीही नाही.

मग हा खटाटोप कशाला, असं विचाराल. पाल्यासाठी, विरळ सावलीसाठी, फुलांसाठी, सोल्यांसाठी (तुरीच्या हिरव्या दाण्यांसाठी). युरियाने माती भुसभुशीत होत नाही आणि त्याची भजीही होत नाहीत.

आता एकेकाकडे येते. हादगा बियांपासून जूनमध्ये जागेवरच लावा. बी रात्रभर भिजवलेलं असावं. वाढ इतकी झपाट्याने होते, की वर्षाच्या आत तो माडीच्या खिडकीत डोकावतो, आणि मग फुलं काढायला शिडी लागते. म्हणून रोप कमरेएवढं झालं की शेंडा खुडा. बाजूच्या फांद्या फुटल्या की त्यांचेही शेंडे खुडा. हात वर करून फांदी वाकवता येईल इतपतच उंची ठेवा. यात एक चूक फार लोक करतात. शेवग्यासारखाच हादगाही मुंडका करून टाकतात. शेवगा फुटतो, हादगा बहुतेक वेळा मरतो. एका वेळी त्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त पाला काढू नका आणि पावसाळ्यानंतर तर बेतानेच. लाकूड ठिसूळ असतं, वळवाच्या वाऱ्यात फांदी मोडते, तेव्हा गाडी त्याच्याखाली लावू नका. जागा उत्तरेच्या कोपऱ्यातली द्या, म्हणजे हिवाळ्यात सावली भाजीच्या वाफ्यावर पडणार नाही.

हादग्याची चिवटपणाची परीक्षा मी पाहिली आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या अंगणात आलं आणि चार दिवस हललं नाही. ते ओसरल्यावर तुरी काळ्या पडून मेलेल्या होत्या. शेवगाही गेला. हादग्याने सगळी खालची पानं टाकली, पण दसऱ्यापर्यंत पुन्हा हिरवा झाला. तुरीला पाय ओले ठेवून उभं राहता येत नाही. तुमच्याकडे पाणी साचत असेल तर तूर वरंब्यावरच लावा.

तुरीच्या दोन झाडांत तीन-साडेतीन फूट अंतर ठेवा. परसासाठी उशिरा येणारी, उंच वाढणारी देशी तूर बरी. डिसेंबर-जानेवारीत हिरव्या शेंगा तोडून सोले खा, शेवटची तोडणी झाली की झाड गुडघ्याच्या वर छाटा आणि आठवड्याला एखादं पाणी द्या. पुन्हा फुटतं. दोन वर्षं चांगली जातात, तिसऱ्या वर्षी झाड थकतं. थकलं की उपटू नका, जमिनीलगत कापा आणि मूळ आतच कुजू द्या. तुरीचं सोटमूळ खूप खोल जातं, त्याच्या पोकळीतून पुढच्या पिकाची मुळं आणि पाणी खाली उतरतं.

चौधारी म्हणजे चार धारांची शेंग येणारा घेवडा. हे झुडूप नाही, वेल आहे, पण जमिनीत कंद धरून वर्षानुवर्षं फुटतो, म्हणून यादीत घुसवते. दिवस लहान व्हायला लागल्याशिवाय तो फुलत नाही, तेव्हा ऑगस्टमध्ये ‘नुसती पानंच आली’ म्हणून मला पत्र पाठवू नका.

आणि या तिघांच्या जवळ युरिया टाकू नका. आयता नत्र मिळाला की झाड जिवाणूंना विचारत नाही, गाठी फारशा धरत नाहीत.

प्रश्न : तुमचं वाचून आम्ही बाजारातून हादग्याची फुलं आणली. भाजी इतकी कडू झाली, की सासऱ्यांनी ताट बाजूला सारलं. सासूबाई म्हणतात हादगा खायचा नसतोच, तो नवरात्रातल्या फेराचा. काय चुकलं? (एक गृहिणी, इचलकरंजी)

उत्तर : सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. आपल्या भागात भोंडल्यालाच हादगा म्हणतात, त्यामुळे त्यांची गल्लत समजण्यासारखी आहे. खेळ हस्त नक्षत्राच्या दिवसांतला आणि झाडही साधारण त्याच सुमारास फुलायला लागतं. पण झाडाचं फूल खातात, भरपूर खातात. कोकणात याला हेटा म्हणतात, काही ठिकाणी अगस्ता.

तुम्ही मधला दांडा काढला नसणार. फूल उलगडा, आत केसरांचा एक वाकडा जुडगा असतो, तो मुळापासून खुडून टाका. खालचा हिरवा पेलाही काढा. कडूपणा मुख्यतः तिथे असतो. उरलेल्या पाकळ्या मिठाच्या पाण्यातून काढून पिळून घ्या. दुसरं म्हणजे फूल कुठलं होतं? पांढरं भाजीचं. लालसर-गुलाबी फुलांचा हादगा शोभेला छान, पण जास्त कडू. तिसरं, फूल कधी तोडलेलं होतं? हादगा रात्री उमलतो. संध्याकाळी मिटलेली टपोरी कळी तोडावी किंवा पहाटे नुकतं उमललेलं फूल. बाजारात दुपारी मिळतं ते सुकून मऊ झालेलं असतं, आणि मऊ फूल कडू लागतं असा माझा अनुभव आहे.

करायचं काय? पहिल्यांदा भजी करा, सासरे परत ताटावर येतील. अख्खं फूल डाळीच्या पिठात बुडवायचं, पिठात ओवा आणि थोडी तांदळाची पिठी. मग दुसऱ्या वेळी कांदा, लसूण आणि हिरवी मिरची फोडणीला घालून चिरलेली फुलं परता, वर भाजलेलं बेसन पेरा आणि झाकण ठेवा. पाणी घालू नका, फुलांचं सुटतं तेवढं पुरतं. कोवळ्या पाल्याचीही भाजी होते, पण ती पहिल्याच खेपेला सासऱ्यांना वाढू नका.

एक सावधगिरी रोप घेताना. मी सांगलीत घर बांधलं तेव्हा एका रोपवाटिकेतून हौसेने हादगा आणला. तो वाढला, हिरवागार झाला, आणि दीड वर्षाने त्याला आली बोटाच्या पेराएवढी पिवळी फुलं, त्यांवर जांभळे ठिपके. शेवरी होती! हादग्याचं फूल बोटाएवढं लांब, पोपटाच्या चोचीसारखं वाकलेलं. पानमळ्यात वाढलेल्या बाईला शेवरी ओळखता आली नाही, हे मी माहेरी अजून सांगितलेलं नाही. रोपं लहान असताना दोघांची पानं सारखीच दिसतात, हादग्याची पर्णिका जरा रुंद आणि मोठी. शक्यतो ज्यांच्या झाडाची भाजी खाल्लीत त्यांच्याकडूनच बी मागा. शेंग हातभर लांब असते, एका शेंगेत सगळ्या गल्लीला पुरेल इतकं बी निघतं.

प्रश्न : काकू, आम्ही सातवीत आहोत. विज्ञानाच्या प्रकल्पासाठी आम्ही भुईमूग, टाकळा, वांगं, शेवग्याचं रोप आणि गुलमोहराचं रोप उपटून मुळं पाहिली. शेंगा येणाऱ्या झाडांना गाठी असतात असं पुस्तकात आहे. पण गाठी मिळाल्या फक्त भुईमुगाला आणि वांग्याला. वांग्याला शेंगा येत नाहीत. मग वांगं नत्र पकडतं का? (दोन विद्यार्थी, कागल)

उत्तर : या महिन्यातलं सगळ्यात चांगलं पत्र तुमचं. पाहिलं ते लिहिलंत, पुस्तकात होतं ते नाही.

आधी वांगं. त्या मुळावरची एक गाठ नखाने काढून पाहा. निघत नाही ना? कारण ती गाठ मुळावर बसलेली नाही, मूळच तिथे सुजलेलं आहे. ते काम सूत्रकृमींचं. डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे मुळात शिरून राहतात आणि झाड खुरटतं. ते वांगं कुणाच्या शेतातलं असेल तर त्यांना सांगा, पुढच्या खेपेला तिथे वांगं, टोमॅटो, भेंडी घेऊ नका, झेंडू लावा. आता भुईमुगाची गाठ काढा. ती मण्यासारखी सहज सुटते. मधोमध कापा. आत गुलाबी-लाल दिसली तर जिवाणूंचं काम चालू आहे. आपल्या रक्ताला लाल करतो त्याच जातीचा पदार्थ तिथे असतो, तो प्राणवायूला हवा तेवढाच आत सोडतो. आत हिरवट किंवा राखाडी असेल तर दुकान बंद झालेलं आहे. पांढरी असेल तर अजून उघडायचंय.

शेवग्याला शेंगा येतात, पण तो त्या कुळातला नाहीच. नुसती शेंगेसारखी लांबट फळं. मोठमोठ्या माणसांनीही मला या महिन्यात ‘शेवगा नत्र देतो ना?’ असं विचारलंय, त्यांना तुम्हीच उत्तर द्या. टाकळा आणि गुलमोहर मात्र खरोखर त्याच मोठ्या कुळातले, आणि तरी त्यांना गाठी येत नाहीत. चिंच, बहावा, कांचन यांनाही नाही. म्हणजे तुमचं पुस्तक पूर्ण चूक नाही, पण घाईत लिहिलेलं आहे.

प्रकल्पाच्या वहीत दोन सनावळ्या लिहायच्या असतील तर घ्या : १८८६ साली जर्मनीत हेलरिगेल यांनी जाहीर केलं, की वाटाण्यासारख्या झाडांना हवेतला नत्र मिळतो आणि तो मुळांवरच्या गाठींमुळे. दोन वर्षांनी, १८८८ मध्ये, हॉलंडच्या बायरिंक यांनी त्या गाठींतले जिवाणू वेगळे काढून वाढवून दाखवले.

आणि पुढच्या वेळी रोप उपटू नका, उपटताना गाठी मातीत तुटून राहतात. चार बोटं लांबून खुरप्याने माती सैल करा, मातीच्या गोळ्यासकट उचला आणि बादलीतल्या पाण्यात अलगद सोडा.

प्रश्न : बांधावर दहा तुरी खोडवा म्हणून (छाटून पुन्हा फुटायला) ठेवल्या. पहिल्या वर्षी शेंगा चांगल्या लागल्या, येळवसच्या (वेळ अमावास्येच्या) भज्जीला, म्हणजे मिसळीच्या भाजीला, घरचेच दाणे. या वर्षी झाडं झुडपासारखी दाट झालीत, पानं बारीक आणि फिकट, फूल एकही नाही. खत कमी पडलं का? (एक शेतकरी, औसा तालुका)

उत्तर : दादा, खत नाही, हा वांझ रोग आहे. पान हातात धरून उजेडात पाहा, हिरव्या-पिवळ्या रंगाचे चट्टे दिसतील. कोळी नावाचा एक अतिसूक्ष्म किडा (माइट) या रोगाला एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो, वाऱ्यावर तरंगत जातो तो. रोग लागलेलं झाड बरं होत नाही. आजच काढा, आणि बांधावर वाळत टाकू नका, लगेच जाळा.

इथे मला कडू बोलावं लागतंय. पुण्याच्या ताईंना मी दोन वर्षं तूर ठेवा म्हटलं, तुम्हाला नाही म्हणेन. त्यांच्या भोवती बंगले आहेत, तुमच्या भोवती शंभर एकर तूर. उन्हाळ्यात शिवारातली सगळी तूर निघून गेली की त्या कोळ्याला आणि रोगाला जगायला तुमचीच दहा झाडं उरतात, आणि जूनमध्ये शेजाऱ्याची नवी तूर उगवली की ते तिकडे जातात. बांधावरच्या दहा झाडांपायी शिवाराला घोर कशाला? हिरव्या दाण्यांसाठी बांधावर दरवर्षी नवी ओळ लावा. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राची बीएसएमआर ७३६ ही तुरीची जात मर आणि वांझ या दोन्ही रोगांना दाद देत नाही, तीच घ्या. बांधाला कायमचं झाड हवंच असेल तर हादगा लावा.

भज्जीची आठवण काढलीत, आता मला थंडीची वाट पाहावी लागणार.

प्रश्न : आमच्या आगरात कुंपणाला आंबगुळाचं जुनं जाळं आहे. फळं मुलं खातात. कृषी पदवीधर भाचा म्हणतो हेही नत्राचं झाड आहे, पण याला तर शेंगा नाहीत! खरं आहे का, आणि पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना रोपं करून देता येतील का? (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : भाच्याचं खरं आहे. आंबगूळ शेंगवर्गातला नाही. तो गूमीच्या कुळातला, आणि त्या कुळातल्या झाडांच्या मुळांवर फ्रँकिया नावाचे वेगळेच जिवाणू गाठी करतात. किनाऱ्यावरच्या सुरूच्या मुळांवरही तेच. कोकणातल्या, महाबळेश्वरकडच्या माणसांना आंबगूळ सांगायला नको. घाटावरच्यांसाठी सांगते : पान वरून हिरवं आणि खालून चांदीचं पाणी दिल्यासारखं, फळ लाल, त्यावर पांढरट ठिपके, आत एकच लांबट रेघांची बी. होळीच्या मागेपुढे पिकतं. आंबट इतकं, की डोळा आपोआप मिटतो. मीठ लावून खायचं, नाहीतर सरबत.

रोपासाठी सोपा मार्ग दाब कलमाचा. पावसाच्या सुरुवातीला खालची एक लवचिक फांदी जमिनीकडे वाकवा, वाकवलेल्या जागी साल थोडी खरवडा, मातीत दाबून वर दगड ठेवा. पावसाळा संपेपर्यंत मुळं धरली असतील तर तोडून पिशवीत लावा. बियांपासूनही येतं, पण बी ताजं हवं आणि फळ लागायला काही वर्षं थांबायची तयारी हवी. रोपाबरोबर जुन्या झाडाखालची दोन ओंजळ माती नक्की द्या. तुरीसाठी मिळणारं रायझोबियमचं (शेंगवर्गी झाडांच्या गाठींतल्या जिवाणूंचं) पाकीट इथे उपयोगाचं नाही, आंबगुळाला त्याच्या ओळखीचेच जिवाणू लागतात.

नातेवाइकांना एवढंही सांगा, की हे गोजिरवाणं झुडूप नाही. आधार मिळाला तर झाडावर चढतं, नाही मिळाला तर अंगणभर पसरतं. पुण्यात भिंतीलगत, तारेवर बांधून, फळं संपली की दरवर्षी कडक छाटून ठेवलं तर आटोक्यात राहील. सोलापूरच्या नातेवाइकांना देऊ नका, बिचारं उन्हाळ्यात होरपळेल.

ताज्या पाल्याच्या आच्छादनासाठी मात्र आंबगुळावर विसंबू नका. पान जाडसर असतं, कुजायला वेळ लावतं. तुमच्या लाल मातीत तूर लावून पाहा. १९९० साली इक्रिसॅटच्या संशोधकांनी दाखवलं, की लाल मातीत लोहाशी घट्ट बांधलेला स्फुरद (फॉस्फरस) तुरीची मुळं एक आम्ल सोडून मोकळा करतात. काळ्या मातीत तो खेळ तसा चालत नाही. सांगलीत बसून मला तुमच्या मातीचा हेवा वाटावा असं हे एकच कारण आहे, नाहीतर तुमच्या मातीचे नमुने तपासताना आम्ही हळहळतच असू.

प्रश्न : पाचव्या मजल्यावर चार फुटांची बाल्कनी, सकाळचं तीन तास ऊन. यातलं काही? आणि सोसायटीच्या कुंपणाला गिरिपुष्प आहे, त्याची गुलाबी फुलं खाता येतात असं शेजारी म्हणतात. (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : तीन तासांच्या उन्हात तूर नुसती उंच होऊन खिडकीला टेकेल, आणि हादग्याचं नावही काढू नका. गोकर्ण लावा. बारा इंची कुंडीत, गजांवर चढवून, निळ्या फुलांचा. तो बहुवर्षायू आहे, मुळांवर गाठी धरतो आणि फुलं सरबतात टाकता येतात. मलेशियात तर भाताला त्याचा निळा रंग देतात. कोकोपीट आणि गांडूळखताच्या तयार मिश्रणात बहुधा गाठींचे जिवाणू नसतात, तेव्हा गावाकडून येताना कडधान्याच्या शेतातली मूठभर माती आणा. नाहीतर कृषी विद्यापीठाच्या विक्री केंद्रावरून कडधान्याच्या रायझोबियमचं पाकीट घ्या. २५० ग्रॅमचं पाकीट १० किलो बियाण्याला पुरतं, तुम्हाला चिमूटभर लागेल, उरलेलं मजल्यावर वाटा. गुळाच्या पाण्यात कालवून बियांना चोळायचं, सावलीत सुकवायचं, त्याच दिवशी पेरायचं.

गिरिपुष्प खाऊ नका. त्याचं दुसरं नाव उंदीरमारी आहे आणि ते उगीच पडलेलं नाही, त्याचा पाला-साल उंदरांना मारायला वापरतात. शेजाऱ्यांनी कुठल्या देशात फुलं खातात ते वाचलं असेल, पण आपल्याकडे ते शिजवायची रीत माहीत असलेलं माणूस मला अजून भेटलेलं नाही. त्याचा पाला मात्र सोडू नका. तो आठ-पंधरा दिवसांत कुजतो. वॉचमनने फांद्या छाटल्या की कचऱ्याच्या गाडीच्या आधी खाली पोचा आणि एक पिशवी भरून वर आणा, बारीक तोडून कुंडीत दोन बोटं जाड पसरा. खोडाला चिकटवू नका, मुंग्या घर करतात.